गच्चीच्या गाळातून सूक्ष्म-अशनी : कोथरूड ते सासवड, सात महिन्यांच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज गच्ची झाडली. सोसायटीची परवानगी मिळायला तीन आठवडे लागले. टाकीला हात लावणार नाही आणि पाइपाच्या तोंडावरची जाळी काढली तर परत बसवून देईन, असं लिहून दिलं तेव्हा अध्यक्षांनी किल्ली दिली.

शोधायचेत ते सूक्ष्म-अशनी, म्हणजे आकाशातून सतत पडत असलेलं बारीक द्रव्य. लघुग्रहांची आणि धूमकेतूंची ही धूळ सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगाने वातावरणात शिरते. बरेच कण वितळतात, थेंबासारखे गोल होऊन गोठतात आणि खाली येतात. नॉर्वेचे जाझ गिटारवादक जॉन लार्सन २००९ पासून गच्च्यांवर हे शोधत होते. शहरात असलं काही सापडणारच नाही, असं तेव्हा जवळपास सगळे धरून चालले होते. २०१७ मध्ये मॅथ्यू गेन्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला : ऑस्लो, पॅरिस आणि बर्लिनच्या छपरांवरून गोळा केलेला ३०० किलो गाळ, त्यातून ५०० कण. किलोला दोनसुद्धा नाहीत. हा आकडा मी कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवला आहे.

आमची इमारत १९८७ ची, चार मजली. गच्ची साधारण २८० चौरस मीटर, कोब्यावर चायना मोझॅक, चारही बाजूंनी कठडा. दशांश मिलिमीटरच्या आसपासचा एक कण दर चौरस मीटरला दर वर्षी, असा ढोबळ हिशोब सांगतात. म्हणजे कागदावर वर्षाला २८०. पण पुण्याचा पाऊस यातलं बहुतेक पाइपातून खाली नेतो. उरतो तो कोपऱ्यांतला आणि जाळ्यांमागचा गाळ.

दोन कोपरे आणि तीन जाळ्या मिळून २.३ किलो. प्लॅस्टिकची सुपली, नायलॉनचा ब्रश आणि जाड पिशव्या : २४० रुपये. चाळण्यांना मात्र पैसे मोजावे लागले. प्रयोगशाळेच्या पितळी चाळण्या, एक ४२५ मायक्रॉनची आणि एक १५० ची, दोन्ही मिळून २,६०० रुपये. आधी बोहरी आळीतून पिठाच्या चाळण्या आणल्या होत्या. त्यांच्या जाळीचा आकार कुणालाच सांगता आला नाही, त्या परत केल्या.

२५ नोव्हेंबर

धुण्यात पूर्ण शनिवार गेला आणि दोन चुका झाल्या.

पहिली, गाळ मोरीत धुतला. पाणी ओतताना बारीक भाग किती गेला याचा अंदाज नाही, शिवाय मोरी तुंबली आणि प्लंबरचे ३५० रुपये गेले. आता दोन बादल्या वापरतो. पहिलीत गाळ, पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. ढवळायचं, दहापर्यंत मोजायचं, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत निथळायचं. पानं, शेवाळ, कबुतरांची पिसं पाण्याबरोबर निघून जातात, जड कण तळाशी बसतात. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत सोळा वेळा निथळावं लागलं. साबण विसरू नका. तो नसेल तर बारीक कण पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि ओतताना निघून जातात.

दुसरी चूक मोठी. गाळ लवकर सुकावा म्हणून लोखंडी कढईत, मंद आचेवर ठेवला. कढईच्या गंजाच्या पापुद्र्यांनी सगळा नमुना भरला. चुंबकाला चिकटणारे हजारो कण मी स्वतःच त्यात घातले होते. निम्मा गाळ, १.१ किलो, फेकून द्यावा लागला. आता एनॅमलचा ट्रे, वर पातळ मलमल आणि ऊन.

३ डिसेंबर

चुंबक. जुन्या हार्ड डिस्कमधला निओडायमियम चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाळावरून फिरवायचा, मग दुसऱ्या ट्रेवर नेऊन पिशवी उलटी करायची. युरोपातल्या लोकांच्या वर्णनात या पायरीला चिमूटभर माल उरतो.

माझ्याकडे दोन चाळण्यांच्या मधला गाळ होता १४८ ग्रॅम. त्यातला ५३ ग्रॅम चुंबकाला चिकटला.

आपण सगळे बेसाल्टवर राहतो आणि बेसाल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट असतो, ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आलोय. ती या ५३ ग्रॅमनी कळली. शिवाय आजूबाजूला बांधकामं, सगळीकडे क्रश सँड, म्हणजे तोच काळा दगड भरडलेला. दख्खनमध्ये चुंबकाने निवड होतच नाही, नमुना जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. हे काम महाराष्ट्रात करणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच धरून चालावं. माझे पुढचे चार दिवस त्या ५३ ग्रॅममध्ये डोळे घालून वाया गेले.

७ डिसेंबर

मार्ग आईने काढला. मी भिंगाखाली एकेक कण बाजूला करतोय हे बघून तिने विचारलं, "तुला गोल तेवढेच हवेत ना? मग घोळून घे की." मोहरीतले खडे काढताना सूप तिरकं धरून घोळतात, गोल मोहरी घरंगळत पुढे येते आणि खडा मागे राहतो. तेच.

सुपात एवढे बारीक कण अडकतात, म्हणून गुळगुळीत आर्ट पेपर घेतला. त्याची एक बाजू पुस्तकावर टेकवून थोडा चढ केला, वरून चिमूटभर माल सोडला आणि कागदाच्या मागून बोटाने हळू टिचक्या मारल्या. बेसाल्टचे कंगोरेदार कण जागेवरच बसतात, गोल कण घरंगळत खालच्या वाटीत पडतात. ५३ ग्रॅमचे पाव ग्रॅमही उरले नाहीत. वेळ तीन तास.

या पायरीत नुकसान आहे. न वितळलेले आणि अर्धवट वितळलेले, वेडेवाकडे कण वर राहतात आणि जातात. निव्वळ काचेचे मणी तर चुंबकाच्या पायरीलाच सुटलेले असतात. मी ते सोडून दिले. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने वरचा माल फेकू नये, डबीत भरून ठेवावा. मी ठेवलाय.

१० डिसेंबर

६१ गोल मणी! यूएसबी मायक्रोस्कोपखाली (१,७५० रुपये) काळे, चकचकीत, अगदी वाटोळे. रात्री दीडपर्यंत फोटो काढले आणि या छंदातल्या दोन जुन्या जाणकारांना पाठवले. सकाळी एकाचं उत्तर आलं, प्रश्नाच्या रूपात : "तुम्ही गाळ कोणत्या तारखेला गोळा केलात?"

१९ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन होतं १२ तारखेला.

संध्याकाळी बाल्कनीत पांढऱ्या ट्रेवर तीन फुलबाज्या जाळल्या. राख चाळून भिंगाखाली धरली. माझे ६१ मणी तिथे शेकड्यांनी पडलेले होते. फुलबाजीत लोखंडाची भुकटी असते, ठिणगी म्हणजे तिचाच जळता कण, आणि तो विझताना गोल होतो.

तीन आठवडे गेले. पण इथून कामाला खरी दिशा आली.

२४ डिसेंबर

दोन आठवडे खरं काही शोधलंच नाही. खोटे मणी गोळा केले, मुद्दाम, स्वतःच्या हाताने आणि प्रत्येकाचं मूळ माहीत असलेले. आकाशातल्या मण्यांचे फोटो पाहून डोळा तयार होतो असं मला वाटत होतं, ते खरं नाही. खोटा कसा दिसतो ते माहीत नसेल तर प्रत्येक मणी खराच वाटतो.

भोसरीला मामाच्या वर्कशॉपमध्ये एक दिवस घालवला. ग्राइंडरखाली कागद धरला, वेल्डिंगच्या टेबलाखालची धूळ घेतली, गॅस कटिंगच्या जागेवरची वेगळी घेतली. मामा म्हणाला, "अरे, आमच्या पत्र्यावर बघ, पोतंभर मिळेल." बरोबर होतं त्याचं. तिथला गाळ मी घेतलाही, पण वेगळ्या डबीत, आणि लेबलावर "शोधासाठी नाही" असं लिहून.

डब्यांत काय दिसलं ते इथे लिहितो, कारण सुरुवातीला मला असं कुठे वाचायला मिळालं असतं तर नोव्हेंबर वाचला असता.

ग्राइंडरचे मणी लहान, पुष्कळसे पोकळ, काही फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखे, आणि त्यांच्यात वळलेल्या तारेसारखे कीस मिसळलेले. वेल्डिंगचे मोठे, आरशासारखे चकाकणारे, बऱ्याचदा दोन-तीन एकमेकांना चिकटलेले किंवा छोटी मान असलेले. फुलबाजीचे काळे-करडे, थोडे खरबरीत, पण सगळे एकाच घराण्यातले. गॅस कटिंगचे तर कोणत्याही आकारात, मिलिमीटरपर्यंत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान : ते घोळक्याने येतात. एकसारखे चाळीस मणी दिसले की ते माणसाने केलेले. आकाशातला मणी गाळात एकटा असतो, शेजारच्याशी त्याचा चेहरा जुळत नाही. तेव्हापासून मी हा नियम पहिला लावतो. रंग, चमक, आकार हे सगळं त्यानंतर.

१४ जानेवारी २०२४

यूएसबी मायक्रोस्कोप बंद केला. त्याच्यात मण्याचा आकार कळतो, पण पृष्ठभागावरची नक्षी दिसत नाही, आणि सगळं ओळखणं त्या नक्षीवर आहे. जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप १३,५०० रुपयांना मिळाला, गोल एलईडी दिव्यासह. या कामात मी केलेला सर्वांत मोठा खर्च हाच, आणि तो पहिल्या आठवड्यातच करायला हवा होता.

एक वाईट गोष्ट. को-७ हा मणी (को म्हणजे कोथरूड) बरा वाटत होता, त्यावर बारीक रेषा होत्या. तो ब्रशवर असताना घरात कुणीतरी पंखा लावला. फरशी पुसून, चाळून, चुंबक फिरवून दोन तास शोधला. मिळाला नाही. आता मणी उचलताना खोलीचं दार लावतो, पंख्याच्या बटणावर टेप असते, आणि कोरड्याऐवजी किंचित ओला ००० नंबरचा ब्रश वापरतो. ओल्या टोकाला कण आपणहून चिकटतो. ठेवायला काचेच्या पट्टीवर खायच्या डिंकाचा टिपका, जो नंतर पाण्याने सुटतो. फेविक्विकने चिकटवलेले पहिले चार मणी कायमचे तसेच राहिले.

११ फेब्रुवारी

अदलाबदल पूर्ण झाली, सात आठवड्यांनी.

माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांपासून जमवलेली झिओलाइटं आणि त्यांच्या सोबतीने सापडणारी खनिजं आहेत. बेसाल्टने चुंबकाच्या पायरीला छळलं, पण त्याच्याच पोकळ्यांमधले हे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना हवे असतात. वाघोलीच्या खाणीतला नखाएवढा निळा कॅव्हन्साइट, एक स्टिल्बाइट आणि एक अ‍ॅपोफिलाइट जर्मनीतल्या एका संग्राहकाला पाठवले. त्याने बदल्यात सहारातल्या अशनीचा १४ ग्रॅमचा तुकडा आणि दोन तपासून घेतलेले सूक्ष्म-अशनी दिले. पार्सल कस्टमला १९ दिवस अडकलं, कारण कागदावर नुसतं "दगड" असं लिहिलं होतं. खनिज नमुना, वजन, किंमत, व्यापारासाठी नाही, हे सगळं पाठवणाऱ्याला लिहायला सांगा.

अदलाबदलीत मी आता तीन गोष्टी आधी मागतो : मोजपट्टीसह फोटो, अचूक वजन, आणि नमुन्याचं वर्गीकरण झालंय की नाही याचं सरळ उत्तर. माझा १४ ग्रॅमचा तुकडा वर्गीकरण न झालेला आहे आणि त्याने तसं स्वतःहून सांगितलं होतं. त्याची एक बाजू कापून घासलेली आहे. तिथे धातूचे चमकते ठिपके आणि कॉन्ड्रूल, म्हणजे वितळून गोठलेले बारीक गोळे, नुसत्या भिंगातून दिसतात. असे गोळे असलेल्या अशनीला कॉन्ड्राइट म्हणतात.

याच काळात मला इथल्या एकाने काटोलचा तुकडा देऊ केला, ८,००० रुपयांना. काटोलचा अशनिपात २२ मे २०१२ चा, नागपूर जिल्ह्यातला, एल-६ प्रकारच्या कॉन्ड्राइटचा. त्याच दगडात ब्रिजमनाइट सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. हे खनिज पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात विपुल आहे, पण आपल्या हाती जवळजवळ कधीच येत नाही. त्यामुळे नाव ऐकून मन हललं होतं हे कबूल करतो. पण भारतात पडलेले अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे सोपवायचे असतात, म्हणून विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि फोटोतच उत्तर होतं. दगड आतून जाळीदार, बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला. धातू गाळायच्या भट्टीच्या मळीत ती भोकं असतात, कॉन्ड्राइट आतून घट्ट असतो. मी त्या माणसाला सांगितलं, चहाच्या कपाच्या बुडाला जो खरबरीत, बिनचकाकीचा भाग असतो त्यावर दगड घासून बघ. लालसर रेघ आली तर हेमटाइट, काळी आली तर मॅग्नेटाइट. अशनी सहसा रेघ उमटवत नाही. त्याने पुढे उत्तर दिलं नाही.

जर्मनीचे दोन मणी मात्र अनमोल ठरले. त्यातला एक ०.३ मिलिमीटरचा, ऑलिव्हिन या खनिजाच्या दांड्यांचा. पृष्ठभागावर समांतर रेषा, जणू फणी फिरवली आहे. अर्धा तास त्याच्याकडे पाहिलं आणि मग कोथरूडचे सगळे मणी परत काढले. एक सोडून बाकी सगळे बाद केले. को-१७ ठेवला, त्याच्याबद्दल मन ठरत नव्हतं.

३ मार्च

सासवडजवळ मावशीचं घर. स्लॅबची सपाट गच्ची, ९० चौरस मीटर, आजूबाजूला शेती, जवळ वर्कशॉप नाही. मावशी म्हणाली, "पंधरा वर्षांत तिथं कुणी झाडू मारला असेल तर शपथ." काकांनी शिडी धरली. कोपऱ्यांत आणि कठड्याच्या कडेला ५.१ किलो गाळ.

बादल्या, मलमल, चाळण्या, चुंबक, घोळणं : या वेळी दोन दिवसांत सगळं झालं. कोथरूडला याच कामाला तीन आठवडे लागले होते. गोल मणी फक्त नऊ. संख्या कमी आली याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

२४ मार्च

स-९.

०.२८ मिलिमीटर. काळा, पण चकाकी नाही, तव्यासारखा मंद. पूर्ण गोल नाही, एका बाजूला किंचित लांबट. दिवा तिरका केला तेव्हा रेषा दिसल्या, एका दिशेने जाणाऱ्या, समांतर, आणि टोकाला एक छोटा रुपेरी उंचवटा. जर्मनीच्या मण्याशेजारी ठेवून पाहिला. रेषा तशाच, थोड्या जास्त दाट. असा दुसरा मणी त्या ५.१ किलोंमध्ये नाही.

घरचे होळीसाठी खाली बोलावत होते. मी डबीचं झाकण तीनदा तपासून मग गेलो. पंख्याच्या बटणाची टेपही पाहिली.

२० एप्रिल

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. बाहेरच्यांना वेळ देणाऱ्या एका प्रयोगशाळेत दोन तास, ४,८०० रुपये अधिक जीएसटी. कार्बनचा लेप आधीच सांगून ठेवला होता.

इथेही चूक केली. तीन मणी कार्बन टेपवर लावले, पण कुठला कुठे आहे याचा नकाशा काढला नाही. पडद्यावर सगळंच करडं दिसतं, आणि टेपवर धुळीचे कणही असतात. तीन मणी शोधून त्यांची ओळख पटवण्यात ४० मिनिटं गेली, म्हणजे दीड हजारांहून जास्त रुपये. टेपवर सुईने बाण कोरा, त्याच्या टोकापासून ओळीने मणी लावा आणि साध्या मायक्रोस्कोपखाली फोटो काढून सोबत न्या.

कोणत्या मण्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते यंत्राने दाखवलं. को-१७ : लोखंड आणि मँगनीज. वेल्डिंग. मामाच्या डबीतल्या मण्याशी जुळवून पाहायला हवा होता, तो मी पाहिला नव्हता.

स-४ : याच्यावर माझी बरीच आशा होती. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, लोखंड, आणि पोटॅशियम ठळक. दगडी कोळशाच्या राखेतला मणी. तिथे वर्कशॉप नाही हे पाहिलं होतं, पण सिमेंटमध्येच हीच राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेली असते आणि गच्ची सिमेंटची आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. पोटॅशियम हा चांगला पुरावा आहे, कारण वातावरणात वितळलेल्या मण्यातून ते बहुतेक उडून जातं.

स-९ : मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोखंड, थोडं कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम. पोटॅशियम नाही, टायटॅनियमची खूण नाही. दांड्यांच्या फटींमध्ये मॅग्नेटाइटचे नेच्याच्या पानासारखे फाटे. मग यंत्र चालवणाऱ्या ताईंनी किरण त्या रुपेरी उंचवट्यावर नेला. लोखंडाचा शिखर-आलेख आला आणि त्याच्या उजवीकडे निकेलचा, म्हणजे अशनीतल्या धातूची खूण. त्या म्हणाल्या, "सर, हे तुमचंच आहे ना, जे शोधत होतात ते?" मला लगेच बोलता आलं नाही.

फोटो आणि आलेख या विषयातल्या एका संशोधकांना पाठवले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंदी महासागराच्या तळातल्या गाळातून असेच मणी काढून अभ्यासले गेले आहेत, त्या छायाचित्रांशीही मी ताडून पाहिलं होतं. चार दिवसांनी उत्तर आलं : वैश्विक मणी, दांडेदार ऑलिव्हिन. छेद घेऊन आतला भाग तपासला तर आणखी कळेल. छेद घ्यायचा म्हणजे मणी घासून अर्धा करायचा. मी नाही म्हटलं.

१ जून

हिशोब. चाळण्या २,६००, यूएसबी मायक्रोस्कोप १,७५० (वाया), स्टिरिओ १३,५००, प्रयोगशाळा ५,६६४, टपाल आणि कस्टम २,१३०, प्लंबर ३५०, किरकोळ साधारण ९००. एकूण २६,८९४ रुपये. वेळ लिहून ठेवलेला १९६ तास, त्यात फुलबाजीच्या मण्यांवर गेलेले ४० धरून. गाळ ७.४ किलो, एक मणी. युरोपच्या आकड्याच्या मानाने फारच कमी, पण माझा निम्मा कोथरूडचा गाळ कढईने खाल्ला आणि उरलेल्यात दिवाळी होती.

पावसाआधी सासवडची गच्ची दाबाच्या पाण्याने धुऊन घेतली, कोपऱ्यांसकट. आजची तारीख कठड्यावर ऑइलपेंटने लिहिली. पाण्याच्या दोन्ही वाटांवर दगड आणि नायलॉनची जाळी लावून गाळ अडेल असं केलं आहे. पाणी तुंबत नाही ना, ते काका पहिल्या पावसात वर चढून पाहणार आहेत. गाळ दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्येच उचलायचा.

जर्मनीहून विचारणा आली आहे : स-९ च्या बदल्यात १२० ग्रॅमचा कापलेला कॉन्ड्राइट. मी कळवलं की स-१० मिळाला तर बोलू.